ताटावरचं नाव

८ नोव्हेंबर

दवाखाना, सातवा महिना. नव्या डॉक्टरबाईंनी विचारलं, "कितवं?" मी म्हटलं, "दुसरं." "पहिलं नॉर्मल की सिझर?" आता काय सांगायचं. नवरा (यापुढे वि., रोज पूर्ण नाव लिहायचा कंटाळा) स्वतःच्या चपलांकडे बघत बसला. मग सांगावंच लागलं. मुलगी आठ वर्षांची आहे, नाव मैत्री. तिची आई रंजना, ती मैत्री दोन वर्षांची असताना आजारात गेली. मी या घरात आले तेव्हा मैत्री चारची होती. डॉक्टरबाईंनी "दुसरं" खोडून "पहिलं" केलं आणि म्हणाल्या, "असं चुकीचं सांगत जाऊ नका हं."

चूक कसली. त्यांच्या कागदावर पहिलं. माझ्याकडे दुसरंच.

११ नोव्हें.

नाव ठरलं. निदान माझ्यापुरतं ठरलं. मुलगी झाली तर मैत्रेयी, मुलगा झाला तर मैत्रेय. वि. म्हणाले, "हे तर मैत्रीचंच नाव झालं जवळजवळ."

व्हावंच, म्हणून तर.

माहेरी, पिंपळनेरला, आम्ही दोघी बहिणी, मी वर्षा आणि धाकटी हर्षा. गल्लीत कुणी एकीचं नाव एकटं घेतलंच नाही कधी. वर्षाहर्षा जेवायला चला, वर्षाहर्षा अंघोळ झाली का. काच एकीने फोडली तरी मार दोघींना. तेव्हा राग यायचा. पण आम्हाला वेगळं काढायची कुणाची टाप नव्हती.

परवा समोरच्या काकू मैत्रीच्या तोंडावर मला विचारतात, "ही पहिलीची ना?" भाजी ताजी आहे ना, अशा आवाजात. मैत्री दारातच उभी, हातात सायकल. तेव्हाच ठरवलं. दोघांची नावं अशी ठेवायची की एकाला हाक मारताना दुसऱ्याचं तोंडात आलंच पाहिजे.

वि. म्हणाले, गोंधळ होईल. होऊ दे.

१७ नोव्हें.

ताईंचा फोन. ताई म्हणजे वि.ची थोरली बहीण, धुळ्याला असतात. नाव ठेवायचा मान आत्याचा, हे त्या नमस्काराच्याही आधी म्हणाल्या. त्यांनी अर्णव काढून ठेवलंय. मुलगी झाली तर बघू म्हणाल्या, म्हणजे मुलगाच होणार असं त्यांचं ठरलंय. मी मैत्रेय सांगितलं. 

"अगं, दोन-दोन मैत्र्या घेऊन काय करशील? पोराला स्वतःचं काही नको का?"

म्हटलं, ताई, मान तुमचा. कानात नाव तुम्हीच सांगायचं. फक्त नाव हे सांगायचं.

त्या हसल्या. पण हो म्हणाल्या नाहीत. ताई हसून नाही म्हणतात, हे मला चार वर्षांत कळलंय.

३० नोव्हें.

पिंपळनेर. भावाच्या मुलाचं नामकरण. आमचे नाना (आजोबा) गेल्या वर्षी गेले, त्यांचंच नाव दिलं, नामदेव. एवढ्याशा जिवाला एवढं भारदस्त नाव. जो येतो तो पाळण्यात वाकून म्हणतो, "आले का नाना परत." बुद्धविहारात दर पौर्णिमेला ऐकतो की आत्मा नाही, पुनर्जन्म नाही. घरी आलो की पाळण्यात नाना. मलाही वाकून तेच म्हणावंसं वाटलं. म्हटलंही.

मैत्री पाळण्याला चिकटून होती दिवसभर. परत येताना बसमध्ये विचारते, "मम्मी, नाना गेले म्हणून त्यांचं नाव बाळाला दिलं?"

"हो."

"असते तर दिलं असतं?"

"छे. नानांच्या देखत नामदेवा, शू कुठे केलीस, असं कोण म्हणेल?" ती हसली नाही. मला जागा मिळाली होती खिडकीची, पाठ दुखत होती, झोप लागली.

१४ डिसें.

भडगावहून अक्का आल्या. मैत्रीची आजी, रंजनाची आई. पिशवीभर भरताची वांगी घेऊन, कपाशीच्या काड्यांवर भाजायची म्हणून काड्यासुद्धा गावाहून. मागच्या अंगणात भरीत केलं. जेवताना सगळं गोड. मग हात धुतल्यावर माझ्याजवळ येऊन बसल्या, पोटाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "तुले आते तुनं बाळ व्हई. मनी रंजीनी पोर माले दी दे."

मला आधी वाटलं सुट्टीपुरतं म्हणतायत.

"सुट्टीनं नही. कायमनं. शाळा तठे बी शे. घरमा बठ्ठं शे व माय, बोलाले कोनी नही."

घरात सगळं आहे, बोलायला कुणी नाही, हे खरंच. तरी मी म्हटलं, नाही. एवढंच म्हटलं. अक्का वि.कडे वळल्या. वि. म्हणाले, "बघू." मैत्री आतल्या खोलीत चित्र काढत होती. दार लोटलेलं होतं, बंद नव्हतं.

मग अक्कांना नावाचंही सांगून टाकलं, लपवायचं कशाला. त्यांचा चेहरा उतरला. "ते नाव रंजीनी ठेयेल शे. आते तेबी तुले पाहिजे का?"

  बाईची एकुलती एक मुलगी गेली, त्या मुलीची एवढीच निशाणी. मला त्यांचा राग येत नाही. पण मैत्री मी देणार नाही.

१५ डिसें.

वि.शी भांडण. "बघू" म्हणजे काय? म्हणे, अक्का एकट्या आहेत, तुझी ओढाताण होईल, पोरीचे लाड होतील तिकडे, वर्षभर करून बघू. पोरगी म्हणजे काय पंखा आहे का, तिकडे लावून बघू नाहीतर परत आणू.

मी म्हटलं, "रंजना असती आणि दुसरं झालं असतं, तर पाठवलं असतंत का पहिलीला?"

 ते म्हणाले, "नाही." मग स्वयंपाकघरात जाऊन चहा केला, माझ्यापुढे ठेवला. बस. वि.ची माफी अशीच असते, साखर जास्त पडलेली.

४ जाने.

चष्म्याच्या दुकानात आज शेवटचा दिवस, उद्यापासून रजा. शेठना नाव सांगितलं. शेठ फ्रेम पुसत म्हणाले, "मॅडम, एका घरात एकसारख्या दोन फ्रेम दिल्या की आठ दिवसांत बदलाबदली होऊन दोघंही डोकं धरून परत येतात." तीन वर्षं चष्मे विकतेय त्यांच्याकडे, मला माहीत नाही का. म्हटलं, शेठ, नंबर वेगळा असला की ज्याचा त्याला कळतो.

मैत्री हल्ली शहाण्यासारखी वागते. तिची पाण्याची बाटली, कंपास, छोटी उशी, ज्याच्यावर तिचं नाव आहे ते सगळं बाळाच्या खणात आणून ठेवतेय. "त्याला लागेल." मी ताईंना फोनवर कौतुकाने सांगितलं, पोर आत्तापासूनच वाटून घ्यायला शिकली. ताई म्हणाल्या, गुणाची आहे.

१९ जाने.

मुलगा. दोघं ठीक. टाके. लिहवत नाही.

नर्सने विचारलं, पहिलं का? दुसरं.

२३ जाने.

घरी आलो. पिंपळनेरहून आई आलीय, डिंक, अळीव, शेपा, सगळा सरंजाम घेऊन. मैत्रीने बाळाला खूप वेळ बघितलं. नाकाला बोट लावलं. "याचं नाव काय?"

"मैत्रेय. तुझ्या नावासारखं."

"बरं," म्हणाली.

मी काय काय ठरवून ठेवलं होतं. ती उड्या मारेल, किंवा रुसेल, मग मी समजावेन. या 'बरं'चं काय करायचं ते कळेना. तेवढ्यात बाळ रडलं.

३० जाने.

आज ताट. मैत्रीचं एक ताट आहे, स्टीलचं, कडेला ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं, 'चि. मैत्री'. तिच्या नामकरणाला अक्कांनी आणलेलं. त्याच्याशिवाय ती जेवत नाही. लग्नाला जाताना एकदा बरोबर घेऊन निघाली होती, वि.नी गाडीतून परत ठेवायला लावलं. आज आईने वाढलं तर ते बाजूला सारून साधं ताट घेतलं. ते धुऊन, पुसून, मांडणीवर उभं करून ठेवलं.

आई म्हणाली, "हेवा करते गं. होतं असं. दोन दिवसांत जाईल."

मीही तसंच धरलं.

१ फेब्रु.

ताट अजून मांडणीवरच. आज दुपारी बाळ झोपलं होतं, तिला जवळ घेतलं आणि सरळ विचारलं, ताटात का जेवत नाहीस.

"ते आता बाळाचं ना. त्याच्यावर त्याचं नाव आहे. मला कुठे लागणार, मी भडगावला जाणार."

"कोण म्हणालं तू जाणार?"

"आजी म्हणाली. पप्पा बघू म्हणाले. आणि तू माझं नाव बाळाला दिलं." मग अगदी समजावणीच्या सुरात, जसं मीच लहान, "नाव दुसऱ्याला दिलं की आधीचं माणूस जातं. नाना गेले ना."

बसमध्ये तिला मीच सांगितलं होतं हे. माझ्या तोंडाने. नंतर खिडकीला डोकं टेकून झोपले. आणि एवढे दिवस ती गुपचूप सामान आवरत होती, कुणाला त्रास नको म्हणून. बाटली, कंपास, उशी. मी कौतुक करत होते.

रडले. तिच्यासमोरच रडले, लपवायची ताकद नव्हती. ती म्हणाली, "मम्मी, टाके दुखतील."

तिला सांगितलं, तू कुठेही जाणार नाहीस. ती हो म्हणाली. पण ताट मांडणीवरच राहिलं. माझ्या सांगण्यावर तिचा विश्वास नाही. बरोबर आहे, का ठेवावा.

२ फेब्रु.

वि. म्हणतात, नाव सोडून दे, अर्णव ठेवू, विषय मिटेल. आई म्हणते सोडून दे. ताईंचा तर आनंदच. सगळे एकदम शहाणे झाले.

पण सोडलं तर पोरीच्या डोक्यात ते तसंच राहील ना. मी घाबरून सोडलं म्हणजे तिचंच खरं होतं, असं होईल. नाव सारखं आणि माणसं दोन, दोघंही इथंच, हे तिने डोळ्यांनी बघितलं पाहिजे.

संध्याकाळी हर्षाला व्हिडिओ कॉल. मैत्रीच्या हातात फोन दिला आणि मी बाहेर येऊन बसले. ऐकू येत होतं.

"मावशी, तुझं नाव आधी कुणाचं होतं?"

"कुणाचंच नाही. तुझ्या मम्मीचं होतं वर्षा, त्यातलं अर्धं उचललं."

"मग मम्मीला कुठे जावं लागलं?"

"कुठे जाते? पंधरा वर्षं एका गोधडीत झोपलो. लाथा मारायची तुझी मम्मी."

"तिने नाव परत नाही मागितलं?"

"माझी चॉकलेटं मागायची. नाव नाही."

 मग मैत्री म्हणाली, "तुम्ही दोघी एकदम फोनमध्ये या." मी आत गेले, तिच्या शेजारी डोकं घातलं. पडद्यावर वर कोपऱ्यात मी, मोठ्या चौकोनात हर्षा. मैत्रीने दोघींना निरखून बघितलं. दुकानात गिऱ्हाईक काचेवरचा ओरखडा बघतं तसं.

आज जेवताना ताट घेतलं नाही. पण मांडणीवरून काढून एकदा पुसलं.

३ फेब्रु.

शेवटी निकाल मीच लावला. नाव मैत्री ठरवेल. तिला सांगितलं, तुझ्या नावासारखं हवं तर तसं, नको तर दुसरं, तुझ्याशिवाय कुणी ठरवणार नाही. आणि काहीही ठरलं तरी ताट तुझं, घर तुझं. तिने विचारलं, "आत्याला चालेल?" चालवून घेऊ.

आणखी एक केलं. भडगावला फोन लावला. अक्का नीट बोलेनात. मी म्हटलं, "अक्का, सोळा तारखेला नामकरण आहे. मैत्रीला ताट आणलं होतं ना तुम्ही, तसंच याला आणा. आजीने आणायचं असतं." पलीकडून म्हणाल्या, "मी त्यानी आजी नही व माय."

"मैत्रीची आहात ना. मग त्याचीही." फोन ठेवून दिला मीच, त्यांनी नाही म्हणायच्या आत. थोडा उद्धटपणा झाला. झाला तर झाला.

आई बघत होती. म्हणाली, "इथे सख्खी आजी बसलीय अळीव भिजवत, तिला कुणी विचारत नाही." पण रागावून नाही.

९ फेब्रु.

ताईंचा रोज फोन. नाव ठरलं का, पाळण्यावर नावाची फुलांची पट्टी करायची आहे, माणूस विचारतोय. सांगितलं, पट्टी कोरी ठेवा. "कोरी पट्टी कुणी लावतं का?" आम्ही लावतो.

मैत्री काही सांगत नाही. शाळेतून आली की बाळाजवळ बसते, हळू आवाजात काहीतरी बोलते. मी गेले की थांबते. मोठ्या माणसासारखं खोकते वर.

वि. आज अक्कांशी स्वतः बोलले. मी सांगितलं नव्हतं. पोर इथेच राहील, सुट्ट्या तुमच्या, असं म्हणाले. अक्का काय म्हणाल्या विचारलं तर, "ऐकून घेतलं." ऐकून घेणं म्हणजे कबूल नव्हे. पण यावेळी बघू म्हणाले नाहीत, हे मी लिहून ठेवते.

१५ फेब्रु.

अक्का आल्या. सकाळच्या गाडीने, एकट्या, दोन पिशव्या. एकीत ताट, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. दुसरी रिकामी, घडी घातलेली, नवीन कापडी, मैत्रीचे कपडे मावतील एवढी. ती कशासाठी ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. त्यांनी ती खुंटीला लावली. मैत्रीने बघितली. आम्ही तिघींनीही बघितली.

ताट त्यांनी मैत्रीच्या हातात दिलं. तिने कागद सोडवला. कडेला ठिपक्यांनी कोरलेलं, तशाच अक्षरात. मैत्रीने बोट फिरवत वाचलं, 'चि. मैत्रीचा भाऊ'.

मी अक्कांकडे बघितलं. त्या पदराने मान पुसत होत्या, ऊन लागलं होतं. म्हणाल्या, "नाव त तुम्हनं ठरनं नही. दुकानवाला इचारे, काय टाकू. जे खरं शे ते कोरी लई उनू."

खरं होतं तेच कोरून आणलं होतं त्यांनी. आईने उठून त्यांना पाणी दिलं.

जेवताना मैत्रीने दोन्ही ताटं काढली. आपलं ताट पुढ्यात घेतलं, भावाचं शेजारी रिकामं मांडलं. इतक्या दिवसांनी तिच्या ताटात मी वरण वाढलं. अक्कांनी बाळाला मांडीवर घेतलं होतं. चेहरा बघत होत्या, रंजनाचं काही त्यात असणार नाही हे माहीत असूनही बघत होत्या. मला वाईट वाटलं. मांडीवरून मी काढून घेतलं नाही.

मग हात धुताना अक्का हळूच म्हणाल्या, "उन्हायानी सुट्टीमा लई जासू." मी म्हटलं, हो, न्या की. आणि जूनमध्ये? त्यांनी नळ बंद केला.

१६ फेब्रु.

सकाळ. घरात गडबड. पांढरी चादर, मेणबत्त्या, फुलं, वि. खुर्च्या मोजतायत आणि चुकतायत. पाळण्यावर कोरी पट्टी, तीन जणांनी विचारून झालं.

ताईंचा फोन, गाडी एरंडोलहून सुटली म्हणून. "आता तरी सांग बाई, मी कानात काय सांगू?" मैत्रीने माझ्या हातातून फोन घेतला. "आत्या, तू ये आधी. मी तुझ्या कानात सांगते, मग तू बाळाच्या कानात सांग." तिकडे ताई काय म्हणाल्या कळलं नाही. मैत्री एवढंच म्हणाली, "हो, मान तुझाच आहे."

मला विचारायचं होतं तिला. तीन महिने या नावासाठी सगळ्यांशी भांडले, नुसतं कळू दे, एवढाच हट्ट. विचारलं नाही. मैत्रेय असेल, अर्णव असेल, तिच्या वर्गातल्या कुणाचं तरी असेल. जीभ चावून बसले.

आत्ता अक्का खुंटीवरची पिशवी काढायला गेल्या. ती फुगलेली होती. उघडून बघितलं तर आत बाळाची दुपटी, लंगोट, टोपडी, सगळं घड्या घालून भरलेलं. मैत्रीने भरलंय. तिच्याऐवजी बाळाला न्या म्हणून, की न्यायचं तर दोघांना न्या म्हणून, तिलाच माहीत. अक्का थोडा वेळ पिशवी हातात धरून उभ्या राहिल्या. मग तशीच भरलेली खुंटीला परत लावली. 

बाहेर ताईंची रिक्षा थांबली. मैत्री पळाली.